आसनावर पार्बताबाई

“एकटीनं सगळं सोसायची विद्या तुम्ही शिकवता का, आर्याजी?”

तक्षशिला गजभियेनं उभ्याउभ्याच विचारलं. वंदन करायचंही राहून गेलं होतं.

वैनगंगेच्या काठी, गावाबाहेर ते लहानसं विहार होतं. आर्या उप्पला नावाच्या वयस्क भिक्खुणी तिथं राहत. बुद्धमूर्तीसमोरच्या आसनावर बसून त्या चीवराचा उसवलेला काठ शिवत होत्या.

“सगळं म्हणजे काय?”

“कॅन्सर. छातीचा.”

सुई थांबली.

तक्षशिलेला सारा तालुका ‘गजभिये मॅडम’ म्हणून ओळखायचा. गेली अठरा वर्षं ती कॉलेजात मुलींना कबड्डी शिकवत होती. स्वतः खेळायची तेव्हा बोट मोडल्यावरही डाव पुरा करून मगच दवाखान्यात गेलेली बाई. कुणी मुलगी रडायला लागली की म्हणायची, “रडायचं तर रेषेबाहेर जा.”

दोन महिन्यांपूर्वी डाव्या बाजूला गाठ लागली. नागपूरला तपासण्या झाल्या. आधी केमो, मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं. तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा तिनं ढकलली. एकदा स्पर्धा आहे म्हणून, एकदा परीक्षा आहेत म्हणून. नवऱ्याला म्हणाली, साधी गाठ आहे. दवाखान्यातल्या एका ताईंनी तिला चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला होता. म्हणाल्या, या बाई यातून गेल्यात, एकदा बोलून तर बघा. तक्षशिलेनं ती चिठ्ठी जिन्यातच फाडली.

“आता तारीख कधीची?” आर्याजींनी विचारलं.

“सोमवारची.”

“आज गुरुवार.”

“हो.”

“म्हणजे चार दिवसांत विद्या हवी.”

“तुम्ही फक्त शिकवा. करायचं माझ्यावर सोडा. मला रडणाऱ्या बायकांचा घोळका नको, कुणाची कीव नको. मला दगड व्हायचंय.”

आर्याजींनी दोरा दातानं तोडला.

“मला येत नाही,” त्या म्हणाल्या.

“काय येत नाही?”

“तुझ्या छातीत जे आहे ते माझ्या छातीत नाही. ते कसं सोसतात, मला ठाऊक नाही.”

तक्षशिला मटकन खाली फरशीवर बसली.

“तीस वर्षं ध्यान करता तुम्ही.”

“करते.”

“मग दुःखाबद्दल तरी…”

“दुःखाबद्दल थोडं ठाऊक आहे. सलाइनच्या सुईबद्दल नाही.”

“चढाईला एकटीलाच जावं लागतं, आर्याजी.”

“असेल. मी कबड्डी खेळले नाही.”

तक्षशिलेच्या कपाळाची शीर तटतटली. वीस किलोमीटर स्कूटर हाणत ती आली होती. ज्यांच्या पायाशी लोक तासन् तास बसतात, त्या बाई सरळ सांगत होत्या की मला ठाऊक नाही.

“मग मी इथं कशाला आले?”

आर्याजींनी सुई बाजूला ठेवली आणि दाराकडे पाहिलं.

दारात एक साठीची बाई मघाच येऊन टेकली होती; बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. नऊवारीचा काचा मारलेला, शेजारी रिकामं टोपलं. ही पार्बताबाई मारबते, ढिवर मोहल्ल्यातली. तालुक्याच्या चौकात मासे विकायची. बाजार उरकला की गाडीतून उतरून घरी जाताना विहाराच्या सावलीत घडीभर बसायची, पण उंबऱ्याच्या बाहेरच.

आर्याजी आसनावरून उठल्या.

“पार्बताबाई, आत या.”

“नाही आर्याजी, अंगाले मासोळीचा वास हाय.”

“या. इथं बसा.”

त्यांनी बोट दाखवलं ते आसनाकडे. पार्बताबाई कावरीबावरी झाली. तिनं आर्याजींकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, हात पदराला पुसले, आणि अवघडून आसनाच्या कडेवर टेकली.

“नीट बसा.”

ती नीट बसली.

मग आर्याजी खाली आल्या आणि तक्षशिलेच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या. त्यांनी हात जोडले… पार्बताबाईला.

“विचार,” त्या तक्षशिलेला म्हणाल्या.

“यांना?”

“हो.”

“मासे विकणाऱ्या बाईंना?”

“सातवीत शाळा सोडलेल्या भिक्खुणीला विचारत होतीस ना मघाशी?”

तक्षशिलेनं स्कूटरची किल्ली मुठीत धरली. जायचंच. पण पाय दुमडून बसलेल्या त्या म्हातारीनं मान पुढं केली आणि हळूच विचारलं,

“मॅडम, कोनत्या बाजूले?”

तक्षशिलेचा हात आपोआप डावीकडे गेला.

हा प्रश्न डॉक्टरांनीही विचारला होता, पण तो फॉर्मवर लिहायला. तिच्याकडे पाहून कुणी विचारला नव्हता.

“माही उजवी,” पार्बताबाई म्हणाली. “हात आन इकडं.”

‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही. तिनं तक्षशिलेचा हात ओढला आणि आपल्या उजव्या छातीवर ठेवला. ब्लाउजमधली कापसाची गादी बाजूला सरकली; खाली सपाट होतं. कापडातूनही व्रणाची आडवी गाठाळ रेघ बोटांना लागली.

तक्षशिलेनं हात मागं घेतला नाही.

“दुखतं?”

“आता नाही. पावसापान्यात ओढते थोडी.”

“किती वर्षं झाली?”

“सहा.”

“मग… आता काय करता?”

“काय करू? मासे विकते.”

मग तक्षशिलेनं विचारायला सुरुवात केली. आधी चाचरत, मग थांबता थांबेना. उलट्या किती होतात? तोंड येतं का? हाताची शीर सापडली नाही तर? पार्बताबाई एकेक सांगत गेली. मळमळीची गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची, डॉक्टर सांगतो त्या टायमाले, मर्दानी दाखवायची नाही. स्टीलच्या चमच्यानं तोंड लोखंडासारखं लागते, तर लाकडाचा घे. ताप आला त रात पहावाची नाही, फोन लाव. ऑपरेशनच्या आधी पुढून हुकाचे ब्लाउज शिवून ठेव, हात वर जात नाही.

“आणि केस?”

हे विचारताना तिचा आवाज अगदी लहान झाला. तिची कमरेपर्यंतची वेणी मैदानावर सगळ्यांना ठाऊक होती.

“दोन-अडीच हप्त्यानं गेले. सकाळी पाह्यलं त उशीवर पुंजका. मंग मी न्हाव्याले अंगनात बलावलं. म्हटलं, उतरव सारे. एकेक कोन मोजत बसन?”

“आणि बाहेर कशा गेलात?”

“टोपलं डोक्यावर घेतलं आन् बाजारात बसली. बाया पाहेत. म्हटलं, पाहा वं. मासे घ्या आन् पाहा.”

तक्षशिला हसली. हसता हसता तिला हुंदका आला आणि तो तिनं आवरायचा प्रयत्न केला.

“इथं रेष नाही आखली कोनी,” पार्बताबाई म्हणाली. कॉलेजच्या मैदानाशेजारच्या चौकात ती वीस वर्षं बसत होती. मॅडमचा आवाज तिला रोज ऐकू यायचा.

तक्षशिला रडली. आर्याजी शेजारी नुसत्या बसून राहिल्या.

थोड्या वेळानं तिनं तोंड पुसून विचारलं, “तुमच्या वेळी कोण होतं सोबत?”

“पयल्या डोसले कोनीच नाही. सुईचं काही नाही वाटलं, पन काही झालं त कोनाले विचारू, हे समजत नोहतं. दुसऱ्या डोसले बाजूच्या खुर्चीत एक बाई भेटली. शाळेत शिकवे. हे चमच्याचं, ब्लाउजचं, सारं तिनंच सांगतलं.”

“त्या आता कुठे असतात?”

पार्बताबाईनं मान हलवली.

“नाही ती. दीड वर्स तिनं गाठ लपवली होती. घरच्यायले भेव वाटन म्हने…”

तक्षशिलेनं आर्याजींकडे पाहिलं. आर्याजी तिच्याकडे पाहत नव्हत्या. त्याही ऐकत होत्या, वर्गातल्या मुलीसारख्या.

“सोमवारी किती वाजता?” पार्बताबाईनं विचारलं.

“दहाला पोचायचंय.”

“मंग सातची गाडी. मी ष्ट्यांडावर रायते.”

“तुमचा बाजार?”

“मासे मंगळवारी बी भेटतात.”

त्या रात्रीच्या जेवणाआधी तक्षशिलेनं नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. त्यानं पुढचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, मीही येतो. सोमवारी तिघं सातच्या गाडीत बसली. दवाखान्याच्या हॉलमध्ये खुर्च्यांची रांग होती, प्रत्येकीच्या वर सलाइन लटकत होतं. शीर दोनदा हुकली. तक्षशिलेनं दात आवळले, तेव्हा पार्बताबाई नर्सला म्हणाली, “ताई, गरम पान्याची पिशवी ठेवा न हातावर घडीभर.” तिसऱ्या वेळी सापडली.

त्या रांगेतच आणखी दोघी भेटल्या. एक शिंपीकाम करणारी रेश्माबी, एक बँकेतून निवृत्त झालेल्या वानखडेबाई. दर तीन आठवड्यांनी तिघी एकाच दिवसाची तारीख मागून घेऊ लागल्या. पार्बताबाईला आता तारखेची गरज नव्हती, पण ती यायचीच. डबा उघडला की चौघींचा एक व्हायचा. कुणाचं तोंड आलं, कुणाचं रक्त कमी भरलं, कुणाचा नवरा स्वयंपाकघरात पहिल्यांदा शिरला, सगळं तिथं बोललं जायचं. एकदा इतक्या मोठ्यानं हसल्या की नर्सनं पडदा ओढला. वेणी गेली. तक्षशिलेनं ती अंगणात बसून उतरवून घेतली.

तिसऱ्या डोसनंतर अंगात जरा त्राण आलं तेव्हा डॉक्टरांना विचारून ती मैदानावर गेली. मुलींना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. मुली धावत आल्या, थबकल्या, आणि पुन्हा धावत आल्या.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. ते तसे सभ्य गृहस्थ. पेपरवेट फिरवत म्हणाले, “मॅडम, शनिवारी अंतिम सामना आहे. पालक येतील, पाहुणे येतील. तुम्ही एक तर डोकं झाकून या, नाही तर… विश्रांतीच घ्या. लोकांना बघवत नाही.”

शनिवारी दुपारी ती विहारात आली. या वेळी वंदन करून खाली बसली. डोकं उघडं होतं आणि कानाच्या पाळ्या रागानं लाल झाल्या होत्या.

तिनं झालेलं सगळं आर्याजींना सांगितलं.

“आणि आता?” त्यांनी विचारलं.

“तिघी बाहेर उभ्या आहेत. म्हणतात, आम्ही पण येतो. पहिल्या रांगेत बसतो. वानखडेबाईंनी विग घरी ठेवलाय, रेश्माबीनं रुमाल सोडलाय. पार्बताबाईंचे केस आलेत, तर त्या ब्लाउजमधली कापसाची गादी काढून आल्यात. म्हणतात, ज्याले बघवत नसन त्यानं डोये मिटावे.”

आर्याजी ऐकत होत्या.

“मला कळत नाही, आर्याजी. मी चिडून जातेय. माझ्यापायी त्या तिघींनाही लोक बोलतील. मी इथं आले तेव्हा दगड व्हायचं होतं, आणि आता बघा, नुसती आग झालीय. हे चुकतंय का? तुम्ही म्हणाल तर त्यांना घरी पाठवते. रुमाल बांधते. शांत राहते…”

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. पार्बताबाईनं त्याला काहीतरी सुनावलेलं ऐकू आलं.

आर्याजी उठल्या. दारापाशी जाऊन त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या तिघींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी चीवर खांद्यावर नीट घेतलं आणि चपला पायात सरकवल्या.

“आर्याजी…” तक्षशिला गोंधळून उठली. “तुम्हा भिक्खुणींना तर नियमानं खेळ बघायला चालत नाही.”

“नाही चालत.”

“मग?”

आर्याजींनी विहाराचं दार ओढून घेतलं.

“ऑटोत आणखी एकीला जागा आहे का?”