भोपळेवाल्या धोंडिबाची निशाणी

निळ्या डोंगरांच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं, निळसावळी नावाचं. गावाच्या एका अंगाला मोठं चमचमणारं तळं, दुसऱ्या अंगाला पायऱ्यांची विहीर आणि विहिरीला लागून एक बुटकं झोपडं. झोपड्याचं छप्पर इतकं विरळ होतं की आत निजल्या निजल्या चांदण्या दिसायच्या. ऐकायला छान वाटतं, पण त्याच भोकांतून थंडीत गार वारा आत यायचा आणि कुणाची परवानगी विचारायचा नाही. त्या झोपड्यात सगुणा आणि तिची आई राहायच्या. आधी तिथे तिघं राहत होती. माघातल्या थंडीत सगुणाच्या तात्यांना खोकल्यानं गाठलं, आणि ते गेले.

तात्यांचं नाव धोंडिबा. नाव दगडाचं आणि काम लोकांना तरंगायला शिकवण्याचं, याची गावाला फार गंमत वाटायची. झोपड्यामागच्या मांडवावर ते दुधी भोपळ्याचे वेल चढवायचे. हिरवे हिरवे भोपळे वेलावरच पिकून वाळू द्यायचे. उन्हाळा लागला की ते हलके, खुळखुळणारे भोपळे पोरांच्या कमरेला सुंभानं बांधायचे आणि त्यांना विहिरीत उतरवायचे. पोर रडायचं, पाय झाडायचं, सगळी विहीर डोक्यावर घ्यायचं. तात्या पाण्यात शिरून त्याच्या पाठीखाली आपला रुंद तळहात धरायचे आणि म्हणायचे, "आभाळाकडं बघ. माझा हात आहे."

मग कधीतरी ते हात हळूच काढून घ्यायचे. पोराला त्याचा पत्ताही नसायचा. ते आपलं आभाळातले पांढरे पांढरे ढग बघत मजेत तरंगत असायचं.

या कामाचं कुणी मूठभर ज्वारी द्यायचं, कुणी गुळाचा खडा, आणि कुणी नुसतंच हसायचं. तात्यांना तिन्ही चालायचं. म्हणून तर छप्पर तसंच राहिलं.

सगुणाची शिकायची पाळी आली तेव्हा तात्यांचा खोकला वाढला होता. वैद्यांनी त्यांना पाण्यात पाय घालायलाही मनाई केली होती. ते पायरीवर घोंगडी पांघरून बसले आणि तिथूनच तिला सांगत राहिले. सगुणा शिकली, अगदी मासोळीसारखी शिकली. पण सगळ्या गावाच्या पाठीखाली गेलेला तो हात पाण्यात तिच्या पाठीखाली कधी गेला नाही. हे तिला फार लागलं होतं, आणि तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता निळसावळीची एक रीत ऐका. कार्तिकात, तळं काठोकाठ भरलेलं असताना, एका सांजेला सगळं गाव तळ्याकाठी जमायचं. त्या वर्षी गेलेल्या माणसांची त्या सांजेला आठवण काढायची. घरच्यांनी त्या माणसाच्या हातची एखादी वस्तू आणून काळ्या शिळेवर ठेवायची. त्या वस्तूला निशाणी म्हणत. निशाणी ठेवली की त्या माणसाची गोष्ट सांगायची, गावानं ऐकायची, आणि मग त्याच्या नावाचा दिवा पाण्यावर सोडायचा. ज्याची निशाणी नाही त्याचा दिवा मुकाट्यानं सोडायचा. त्याची गोष्ट नाही.

ही रीत वेणूआक्का सांभाळायच्या. गावातल्या सगळ्यांत थोरल्या, पांढऱ्या शुभ्र केसांच्या, आणि रीत म्हणजे रीत असं मानणाऱ्या. सांजेच्या आदल्या दिवशी सगुणा एक छानसा वाळका भोपळा घेऊन त्यांच्याकडे गेली. आक्कांनी तो हातात फिरवला, वाजवला आणि तिला परत दिला.

"भोपळा वेलानं केला, पोरी," त्या म्हणाल्या. "धोंडिबानं काय केलं?"

आक्का काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी खरंच विचारलं होतं.  सगुणा भोपळा पोटाशी धरून घरी आली. त्या वर्षी गावातला विणकर गेला, पाथरवट गेला; विणकर शेल्याच्या रूपानं मागे उरला, पाथरवट दगडी हत्तीच्या रूपानं उरला, आणि तात्यांचं काहीच उरलं नाही. उद्या तात्यांची गोष्ट कुणी ऐकणार नाही, असं तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, असू दे, आपण दोघी आपल्या घरात सांगू. 

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तेव्हा सगुणा वेलांना पाणी घालायला गेली. विहिरीवर झुकलेल्या हिरव्यागार मांडवावर भोपळ्याच्या पांढऱ्याशुभ्र कळ्या डोलत होत्या. त्यांतली काही फुलं उतावळी, सांज व्हायच्या आधीच उमललेली. एवढ्यात विहिरीत पुक् असा बारीकसा आवाज झाला, आणि पाठोपाठ त्याहून बारीक आवाजात कुणीतरी हाक मारली.

सगुणानं वाकून पाहिलं. पाण्यावर एक पांढरं फूल कलंडलं होतं आणि त्याच्या शेजारी अंगठ्याएवढी एक परी गटांगळ्या खात होती. तिचा झगा पाकळ्यांचा, केसांत पिवळे पिवळे पराग, पायांत गवताच्या बियांचे इटुकले पैंजण आणि पाठीवर दवासारखे निळसर पंख. फुलात तिचा डोळा लागला होता आणि फूलच गळून पडलं होतं. परीला पोहता येत नव्हतं. हसू नका. ज्याला उडता येतं त्याला पोहायची गरजच कधी पडत नाही.

सगुणानं धपकन उडी मारली. ती परीला ओंजळीत उचलणार, तोच परी कळवळून म्हणाली, "उचलू नकोस. पंख भिजलेत, आत्ता ओढले तर फाटतील. ते सुकू देत."

पंख सुकायचे तर ते उन्हात पसरायला हवेत, आणि पंख पसरायचे तर तरंगायला हवं. सगुणानं क्षणभर विचार केला. मग तिनं परीच्या इवल्याशा पाठीखाली आपलं एक बोट धरलं.

"हातपाय झाडू नकोस," ती म्हणाली. "आभाळाकडं बघ. माझं बोट आहे."

परीनं आभाळाकडं पाहिलं. तिचे हातपाय सैल झाले, पंख पाण्यावर अलगद पसरले. कलत्या उन्हाची सोनेरी तिरीप विहिरीत उतरली होती, तिच्यात ते हळूहळू सुकू लागले, निळे झाले, जांभळे झाले, मग मोरपंखी झाले. पाणी चांगलंच गार होतं. सगुणाचे दात कडकड वाजत होते, तरी ती तिथून हलली नाही. परी नीट तरंगते आहे असं दिसल्यावर तिनं बोट हळूच काढून घेतलं आणि शेजारी नुसती पाय मारत राहिली.

पंख सुकले तशी परी भुर्रकन उडाली आणि पायरीवर जाऊन बसली. सगुणा निथळत तिच्याजवळ आली.

"एक मागणं माग," परी म्हणाली. "आमच्या मागण्याला नियम आहेत, तेवढे ऐक. गेलेला माणूस परत मागायचा नाही. जे कधी नव्हतंच ते होतं असं करून मागायचं नाही. आणि मागणं एकच. छप्पर मागितलंस तर छप्पर मिळेल, भोपळाभर मोहरा मागितल्यास तर मोहरा. पण मग दुसरं काही नाही."

पहिला नियम ऐकूनच सगुणाचे डोळे भरले, कारण तिच्या ओठांवर तेच आलं होतं. मग तिनं विचारलं, की तळ्यावर तात्यांच्या हातचा एक मोठा घाट करून देता येईल का. परीनं विचारलं, त्यांनी घाट बांधला होता का? सगुणानं नकारार्थी मान हलवली. परीनंही मान हलवली. सगुणानं एकदा झोपड्याच्या छपराकडे पाहिलं. आईच्या रात्रीच्या कुडकुडण्याची तिला आठवण झाली.

"हे असं धरायला तुला कुणी शिकवलं?" परीनं विचारलं.

"तात्यांनी. म्हणजे त्यांनी वरून सांगितलं. माझ्या वेळी त्यांना पाण्यात उतरता आलं नाही."

"आणि तू बोट काढलंस कधी?"

"मघाशीच. तुझे पंख जांभळे झाले तेव्हा."

परी चकित झाली. तिनं आपल्या पाठीकडे मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. "मला तर ते अजून तिथंच आहे असं वाटतंय," ती म्हणाली.

सगुणा एकदम उभी राहिली. तिला आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं होतं. आपली स्वतःची पाठ कोरीच राहणार हे तिला ठाऊक होतं, आणि ते तिला दुखलंही. तरी तिनं हात जोडले आणि नीट सावकाश मागितलं, "माझ्या तात्यांनी ज्या ज्या पाठीला आधार दिला, त्या त्या पाठीवर त्यांचा हात आज सांजेला सगळ्यांना दिसू दे."

परीनं केसांतले पराग झटकले. हवेत सोनेरी धूळ उडाली आणि विहिरीवरून गावाकडे निघून गेली.

सांज झाली. तळ्यावर आभाळाचा गुलाबी, केशरी, जांभळा रंग सांडला होता. शिळेवर शेला आला, दगडी हत्ती आला. त्यांच्या गोष्टी झाल्या, दिवे सुटले. मग सगुणा आईचं बोट धरून पुढे आली, रिकाम्या हातानं. आक्कांनी हळू आवाजात सांगितलं, की दिवा सोड, बाळ, मुकाट्यानं.

"मला गोष्ट सांगायची आहे," सगुणा म्हणाली. "माझी निशाणी तुम्हीच आहात. पाठी बघा."

लोकांना वाटलं, पोर दुःखानं काहीबाही बोलते आहे. पण तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या एका बाईनं पुढच्या माणसाच्या पाठीकडे बोट दाखवलं. त्याच्या सदऱ्यावर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, एक रुंद तळहात उमटला होता. सोनेरी, झळझळीत, पाचही बोटांचा. त्या माणसानं वळून पाहिलं, तर बाईच्याही पाठीवर तोच हात. कुंभाराच्या पाठीवर, त्याच्या तिन्ही पोरांच्या पाठीवर, दाढीवाल्या कोतवालाच्या पाठीवर, नव्या नवरीच्या शालूवर. सगळा काठ उजळून निघाला आणि तो उजेड तळ्यात थरथरू लागला. लोक एकमेकांना वळवून वळवून पाहत होते, हसत होते, डोळे पुसत होते. पुरात वाहून चाललेल्या वासराला ओढून आणणारा गुराखी तिथे होता. नावेतून पडूनही काठाला लागलेला कोळी तिथे होता. आपण आज इथे का उभे आहोत, हे त्यांना त्या उजेडात चांगलंच कळलं.

वेणूआक्का मात्र घाईघाईनं पदर पाठीवर ओढत होत्या. उपयोग झाला नाही. पदरातूनही हात लखलखत होता.

"मी चांगली पोराबाळांची आई होते," आक्का अखेर म्हणाल्या. "विहिरीवर जायची भीती वाटायची आणि सांगायची लाज वाटायची. धोंडिबा तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा. रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, त्यानं मला शिकवलं. आणि जन्मात कुणाला सांगितलं नाही." त्यांनी सगुणाला काळ्या शिळेवर उभं केलं. "सांग गं. सगळं सांग. आम्ही ऐकतोय."

सगुणानं सांगितलं. भोपळे कसे वाळवायचे ते सांगितलं, खोकत खोकत पायरीवर बसून तात्या कसे ओरडायचे ते सांगितलं, गुळाच्या खड्यातला अर्धा ते तिच्यासाठी कसा ठेवायचे तेही सांगितलं. तिचा आवाज एकदाही कापला नाही. माझे तात्या असे होते, असं म्हणताना तिची मान ताठ झाली होती. मग तिनं दिवा पाण्यावर सोडला आणि सगळं गाव धोंडिबाच्या नावानं वाकलं.

परत वळताना मात्र तिनं आईला अगदी कानात विचारलं, "आई, माझी पाठ कोरीच आहे ना गं?"

आईनं तिला वळवलं. सगुणाच्या पाठीवर एक हात नव्हता. एकावर एक, एकावर एक, इतके हात उमटले होते की बोटं वेगळी ओळखू येत नव्हती. सगळी पाठ मिळून एकच पिवळाधमक उजेड झाला होता.

"तान्ही होतीस तेव्हा तुझं पोट दुखायचं," आई म्हणाली. "तुला खांद्यावर घेऊन ते पाठ थोपटत बसायचे. तू झोपलीस तरी थोपटायचे. मी म्हणायचे, आता पुरे. ते म्हणायचे, जरा वेळ अजून."

सगुणा आईच्या कुशीत शिरून रडली. त्या रडण्यात दुःख होतं, पण त्याहून मोठा होता तो अभिमान.

दिव्यांच्या वर, वाऱ्यात, इवलीशी परी थांबली होती. तिनं सगुणाला हात हलवला आणि मुद्दाम पाठ वळवून दाखवली. मोरपंखी पंखांच्या मधोमध तिळाएवढा एक सोनेरी ठिपका चमकत होता, सगुणाच्या बोटाचा. मग ठिपका मोठा मोठा झाला, त्यात पराग, पाकळ्या, पंख सगळं उजळलं, आणि त्या उजेडातच परी दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकरी गवताचे भारे घेऊन आले आणि त्यांनी झोपड्याचं छप्पर शाकारून दिलं. उन्हाळा लागला तशी आक्कांची नात कमरेला भोपळा बांधून विहिरीवर आली. ती रडत होती, पाय झाडत होती. सगुणा पाण्यात उतरली आणि तिनं तिच्या पाठीखाली हात धरला.

धोंडिबाची गोष्ट तळ्याकाठी सांगून झाली, तुमच्यापाशी सांगून झाली. आता तुमच्या पाठीवर कुणाचे हात आहेत, ते तुम्ही मला सांगा.