शाल, श्रीफळ आणि खडू

एकदा एका व्यापाऱ्याने गावाच्या मधोमध प्रशस्त कट्टा बांधून दिला, आणि तोही फुकट! हा 'फुकट' शब्द तेवढा ध्यानात ठेवा. कट्ट्यावर मोठा काळा फळा होता आणि त्याच्या खाचेत खडू ठेवलेला असे. कुणाची गाय चुकली, कुणाकडे बारसं आहे, कुणाला सुईण हवी, ज्याला जे सांगायचं ते त्याने लिहावं. चार वर्षांत गावाला अशी सवय जडली की दवंडी बंद पडली आणि लोक सकाळी तोंड धुण्याआधी फळा पाहू लागले.

कट्ट्याभोवतीची भज्यांची, सरबताची दुकानं व्यापाऱ्याचीच होती. त्याच्या लक्षात आलं, की बारशाचं वाचून माणूस हसतो आणि घरी जातो. भांडणाचं वाचून मात्र थांबतो, आणखी दोघांना बोलावतो, आणि तिघं मिळून भजी खातात. झालं! एके दिवशी खडू त्याचा हिशेब पाहणाऱ्या मुनीमजींच्या खिशात गेला. यापुढे मजकूर त्यांना सांगायचा. वर ठळक काय, कोपऱ्यात बारीक काय आणि पुसायचं काय, हे तेच ठरवणार.

गावात गेनू कुंभार होता. त्याच्या म्हाताऱ्या आईला विसर पडायचा आजार. एका सकाळी ती घरातून निघून गेली. गेनू धावत कट्ट्यावर आला. मुनीमजींनी कोपऱ्यात लिहिलं, 'आई हरवली आहे. हिरवं लुगडं. नाव सांगता येत नाही. गेनू कुंभार.' तासाभरात दोन चुलतभावांचं बांधावरून भांडण पेटलं. मुनीमजींनी गेनूची आई पुसली आणि त्या जागी भांडण लिहिलं.

त्याच दुपारी तेलघाण्यावरच्या गोदाक्कांच्या दारात हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी पाणी मागायला आली. गोदाक्का नुकत्याच फळा वाचून आल्या होत्या. हरवल्याचं त्यावर काही नव्हतं. कुणाकडची पाहुणी असेल, असं समजून त्यांनी पाणी दिलं आणि म्हातारी पुढे चालती झाली. तिसऱ्या दिवशी ती कोरड्या ओढ्यात सापडली, मेलेली.

हे लिहितानाही माझं डोकं तापतं. गावाचंही तापलं. मागणी एकच होती, 'खडू परत खाचेत ठेवा.' लोकांनी कट्ट्यावर जाणं सोडलं, भजी गार पडू लागली. मग व्यापाऱ्याने खडू दिला असेल ना? छे हो! त्याने मेळावा जाहीर केला. 'आपला कट्टा, आपलं कुटुंब!' तोरणं, सनई, जिलबी आणि, निर्लज्जपणाची कमाल पाहा, शाल-श्रीफळ देऊन गेनूचाच सत्कार, 'कट्ट्याचे जुने स्नेही' म्हणून! हस्ते कोण, तर गावाबाहेरच्या मठीत राहणारे वृद्ध आचार्य.

आचार्यांनी निमंत्रण स्वीकारलं तेव्हा त्यांचा शिष्य भडकला. "गुरुजी, त्या माणसाची जिलबी आपल्या घशाखाली उतरेल?"

"कार्यक्रमपत्रिका वाच," आचार्य म्हणाले.

"दीपप्रज्वलन. स्वागतगीत. सत्कार. शेठजींचे मनोगत. आभारप्रदर्शन. अल्पोपहार."

"यात गावाने विचारायचं कधी?"

शिष्याने कागद उलटा करून पाहिला. "ते कुठेच नाही."

"आभार मात्र आहेत. चल. वाटेत शाळेतून एक खडू मागून घे."

मेळावा दणक्यात झाला. कट्टा सुटल्यापासून एकमेकांना न भेटलेली माणसं गळ्यात पडली, थट्टामस्करी सुरू झाली. "काही म्हणा, शेठ मनाचा मोठा!" असंही दोघे-चौघे बोलून गेले. सत्काराला गेनू मान खाली घालून पुढे आला. शेठजींनी तबक पुढे केलं. आचार्यांनी शाल उचलली नाही आणि नारळालाही हात लावला नाही. मागे फळ्यावर झेंडूच्या माळांचा पडदा सोडला होता, तो त्यांनी बाजूला सारला आणि गेनूच्या हातात खडू दिला.

शेठजी हसून म्हणाले, "महाराज, आज आनंदाचा दिवस. तो विषय आपण मागाहून पाहू."

"गेनू, लिही," आचार्य म्हणाले.

गेनूने अडखळत एकेक अक्षर काढलं. 'आई सापडली. दोन दिवस उशिरा.'

सनई थांबली. गोदाक्का उठून उभ्या राहिल्या. "माझ्या दारात आली होती रे गेनू! फळ्यावर असतं तर हाताला धरून घरी आणली असती तिला!" एवढं बोलून त्या मोठ्याने रडू लागल्या. मग कुणाच्याच हातातली जिलबी तोंडाकडे गेली नाही.

परत निघताना शिष्याने विचारलं, "गुरुजी, गेनूने लिहीपर्यंत इतकं खवळलेलं गाव एका संध्याकाळी निवलं होतं, ते कसं?"

आचार्य म्हणाले, "अरे, रागावलेलं गाव शेठच्या दाराकडे तोंड करून उभं होतं. त्याने त्यांना पंगतीला बसवलं, आणि पंगतीत माणसं एकमेकांसमोर बसतात. आपल्या माणसाला पाहून बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं अगदी खरं असतं. पण ते शेठचं देणं नव्हे! आपलीच माणसं त्याने आपल्याला वाढली आणि आभार स्वतः घेतले. कुटुंब म्हटलं की मागणारा आगाऊ ठरतो. आणि दोन्ही हातांत नारळ धरलेला माणूस खडू धरणार कशाने?"

शिष्याने मागे वळून पाहिलं. मुनीमजी ओलं फडकं घेऊन फळ्याशी आले होते. फळ्यासमोर गोदाक्का उभ्या होत्या, आणि त्या बाजूला होत नव्हत्या.

आपल्या फोनमधल्या कट्ट्यांचे मालकही लोक चिडले की मेळावे भरवतात आणि आपल्याला कुटुंब म्हणतात. खुशाल जावं, पण पत्रिका वाचून जावं आणि खडू कुणाच्या खिशात आहे ते विचारावं.