झाडीत हरवलेला चेंडू

पौषातल्या कडाक्याच्या थंडीत गोल्फचा सामना शेवटच्या होलवर आला आणि क्लबचे अध्यक्ष तोरणेसाहेब यांचा चेंडू झाडीत गडप झाला. तीन मिनिटांत सापडला नाही तर दंड, म्हणजे चषक हातचा गेलाच. साहेब स्वतः झाडीत घुसले आणि क्षणात ओरडले, "हा बघा, सापडला."

पंचांनी भुवया उंचावल्या. साहेब कडाडले, "माझ्यावर संशय? विचारा माझ्या कॅडीला. सांग रे गेनबा, हा चेंडू कुणाचा?"

साहेबांच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहणारा म्हातारा गेनबा पुढे आला. खोटं बोलवेना, आणि खरं बोललं तर उद्यापासून मैदान बंद.

त्याने हात जोडले. "चेंडू साहेबांचाच. हातात घेऊन बघा की, एवढ्या दवात पडूनसुद्धा साहेबांच्या खिशाची ऊब अजून गेली नाही त्याची."