ठकूबाईचे 'हे'

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. भोकरवाडीच्या ओढ्याला तेव्हा भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, एवढी जुनी समजा. त्या गावात ठकू नावाची एक बाई राहायची. नाव ठकू, पण तोवर तिनं कधी कुणाला ठकवलं नव्हतं. तिचा नवरा हैबती मिठाच्या तांड्याबरोबर घाट उतरून गेला, तो परत आलाच नाही. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, जिता म्हणावं तर सांगावा नाही. मागे राहिली ठकू आणि ओढ्याकाठचा जोंधळ्याचा एक तुकडा.

त्या तुकड्यावर तिचा जीव. दगड वेचून वेचून, ओढ्यातला गाळ पाटीनं वाहून तिनं एकटीनं ते रान काळंभोर केलं होतं. पण गावची रीत मोठी वाईट. जोंधळ्याची कणसं बाहेर पडली की पाटील चावडीवर बसायचा, एकेका शेताचं नाव घ्यायचा आणि विचारायचा, "राखणदार कोण?" ज्या शेताला राखणदार गडी नाही, ते शेत भाऊबंदाकडे जायचं. बाईनं राखलं तर ती राखणच नव्हे म्हणे! आता बाई हाकलते म्हणून पाखरं काय उडत नाहीत? पण रीत ती रीत.

ठकूचा चुलतदीर गेणू, त्याचं शेत तिच्या शेताला लागूनच. हैबती गेल्यावर त्यानं मधला बांध हळूच तिच्या रानात सरकवून घेतला होता आणि आता सगळं रानच गिळायला टपला होता. येता-जाता विचारायचा, "वैनी, औंदा चावडीवर कुनाचं नाव सांगनार?" आणि मिशीत हसायचा. ठकू वाकून दगड वेचत राहायची.

मग एक दिवस ती टोपली घेऊन दारोदार फिरायला लागली. कुणाकडून फुटकं मडकं, कुणाकडून मोडकं सूप, कुणाकडून झिजलेली केरसुणी, कुणाकडून बैलाच्या तुटक्या घुंगरमाळा. बायका हसायच्या. "अगं ठकू, आमचा उकिरडाच ने की सगळा!" ठकू म्हणायची, "द्या बाई, जे टाकायचं ते मला द्या." पाटलीणबाईंनी फुटक्या पितळीचा पत्रा दिला, कुणी फाटकं घोंगडं दिलं. गेणूच्या बायकोनं नवऱ्याच्या नकळत त्याच्या जुन्या वहाणा दिल्या.

घरी येऊन ठकूनं मोडक्या औताचं दांडकं उभं केलं, त्याला आडवं लाकूड बांधलं. हैबतीची बंडी पेंढ्यानं ठासून भरली. मडक्याचं डोकं, त्यावर चुन्याचे डोळे, काजळीच्या मिशा, घोंगड्याची खोळ. एका हाताला सूप, दुसऱ्याला केरसुणी. कमरेला घुंगरं, छातीवर पितळेचा पत्रा, पायाशी वहाणा. झालं उभं बुजगावणं! ठकूनं लांबून पाहिलं आणि तिलाच जरा लाजल्यासारखं झालं.

इथवर कुणीही करेल. ठकूचं डोकं पुढे चाललं. बुजगावणं एके जागी उभं राहिलं की पाखरं सोकावतात, त्याच्याच डोक्यावर बसून दाणे खातात. म्हणून ती रोज झुंजुमुंजू व्हायच्या आत उठायची आणि त्याला पाठीवर घेऊन जागा बदलायची. आज बांधावर, उद्या ओढ्याकडे, परवा राखणीच्या माळ्यावर चढलेलं, तेरवा वाकून तण उपटताना. पाखरांना काही पत्ता लागेना. आणि गंमत अशी, की माणसांनाही लागेना!

चावडीचा दिवस आला. ठकू पदर ओढून पायरीखाली उभी राहिली. सुभान पाटलांनी तिच्या शेताचं नाव घेतलं. "ठकूबाई, राखणदार कोण?"

ठकू म्हणाली, "हे हायेत की उभे."

सगळ्या चावडीच्या माना वळल्या. हे! आता बाईच्या तोंडी 'हे' म्हणजे कोण, ते काय सांगायला हवं? पाटील उठून उभे राहिले. "हैबती आला? कधी?" ठकूनं पदर आणखी खाली ओढला. नवऱ्याबद्दल बाईला चारचौघांत खोदून विचारायचं नाही, ही पण गावचीच रीत. पाटलांनी पुढचं नाव घेतलं.

गेणूची मात्र गाळण उडाली. सकाळी धुक्यात त्यानं ओढ्यापलीकडून पाहिलं, तर खरंच गडी उभा! "दादा, रामराम!" उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी परत, "दादा, बरा हाईस न्हवं?" दादा तोंड फिरवून उभा. गेणूला वाटलं, झालं! दादाला बांधाचं कळलं, म्हणून अबोला धरलाय. बिचाऱ्याला अन्न गोड लागेना. शेवटी कुदळ घेऊन तो गेला आणि बांध मुळात होता तिथे नेऊन बसवला, वर लांबूनच हात जोडून आला. बुजगावण्यापुढे हात जोडणारा तो पहिलाच!

त्याच साली राघू आले. असं म्हणतात, की एवढे राघू ना त्याआधी कुणी पाहिले, ना त्यानंतर. आभाळ हिरवं झालं, ऊन झाकोळलं. गोफणी चालवून गड्यांचे खांदे निखळले, पण राघू एका शेतातून उठले की दुसऱ्यात बसत. पाहता पाहता गावची कणसं दाण्यांवाचून चिपाडं झाली. शेवटी सगळा थवा ठकूच्या रानाकडे वळला. ठकू बुजगावण्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आता लाज राखा." तेवढ्यात वारा सुटला. सूप फडफडलं, घुंगरं खणाणली, पत्र्यावर ऊन असं चमकलं की दोन डोंगरांपलीकडे दिसलं. असं म्हणतात, की बुजगावण्यानं दोन्ही हात वर केले आणि गर्जना केली. आवाज ठकूचा होता की त्याचा, कुणाला ठाऊक! थवा जो पांगला तो पुन्हा भोकरवाडीकडे फिरकला नाही.

साऱ्या गावात तेवढंच एक शेत भरल्या कणसांनी डुलत राहिलं. मग काय, हलगी वाजवत गाव निघालं हैबतीचा मान करायला. पाटलांच्या हातात नवं पागोटं. ठकूनं ओळखलं, आता कळणार, आणि रान जाणार. पण तिनं वाट अडवली नाही. पाटील पुढे झाले, पागोटं डोक्यावर ठेवलं, आणि मडकं गडगडत त्यांच्या पायाशी आलं.

हलगी थांबली. गेणू ओरडला, "ठकवलं! हिला गडीच न्हाई! रान माजं!"

"मी कुठं खोटं बोलले?" ठकू म्हणाली. "हे उभं हाय म्हनायचं, तर मानानं 'उभे हायेत' म्हनाले. बुजगावण्याला मान दिला, एवढाच माजा गुन्हा."

पाटलांना हसू आवरेना, पण त्यांनी आवाज चढवला. "मग राखण केली कुणी?"

ठकूनं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत पदर मागे सारला. "मी केली. ठकूनं केली. रोज पाठीवर घेऊन यास्नी रानभर मीच फिरवलं. आन् हे बगा, सूप तुमचं, केरसुणी तुमची, पाटलीणबाईंचा पत्रा, गेणूभावजींच्या वहाणा. अख्खं गाव माज्या रानात उभं केलं व्हतं मी. आता बियाणं कुनाला न्हाई? सगळ्यांनी माज्याकडनं न्यावं."

गेणूनं वहाणांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. पाटलांनी पागोटं उचललं. बाईच्या डोक्याला ते बांधायची रीत नव्हती, म्हणून त्यांनी ते ठकूच्या ओटीत घातलं आणि म्हणाले, "रान ठकूबाईचं. लिहून ठेवायची गरज न्हाई, सगळ्यांनी ऐकलंय." हलगी अशी कडाडली, की पुढच्या गावचे लोक लग्न समजून जेवायला आले. ठकू हसत होती आणि डोळेही पुसत होती.

हैबती पुढे परत आला म्हणतात, कुणी म्हणतात नाही आला. आला असेल तर जेवला असेल पोटभर, आपल्याला काय!

भोकरवाडीत अजूनही कणसं बाहेर पडली की घराघरातलं मोडकंतोडकं गोळा होतं आणि ओढ्याकाठी बायका बुजगावणं बांधतात. त्याला पाटलांच्या घरचं पागोटं चढतं. आणि गावात नवी सून आली की तिला आधी त्या बांधावर नेतात. दुसऱ्या गावांत नवरी उंबऱ्यात नवऱ्याचं नाव घेते. इथे म्हाताऱ्या विचारतात, "राखणदार कोण?" आणि पोरीला स्वतःचं नाव घ्यावं लागतं. लाजून हळू घेतलं तर चालत नाही. सगळ्या मिळून ओरडतात, "ऐकू न्हाई आलं, मोठ्यानं!"