पुसलेला दर्या

फार फार वर्षांपूर्वी समुद्राकाठी एक लहानसं राज्य होतं. तिथल्या कोळ्यांचा एक नेम होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि श्रावणातल्या पुनवेला दर्याला नारळ वाहूनच त्या पाण्यात घालायच्या. राजाही हा नेम मोडत नसे. पण त्या किनाऱ्याचा कारभार पाहणाऱ्या सरदाराच्या जिभेचे चोचले राजाहून मोठे!

एकदा सरदाराकडे पाहुणे आले आणि ऐन आषाढात पंगतीला ताजी सुरमई हवी, असा हुकूम सुटला. हुकमापुढे कोणाचं काय चालणार? होड्या गेल्या. एकही परत आली नाही. हौसा कोळिणीचा नवराही त्यांच्यातच होता.

पंगत मात्र झाली. सुरमईवाचून कोणाचा घास अडला नाही. मग माणसं मारली कशाला?

हौसा लग्नघरच्या भिंती रंगवायची. तिनं कागद घेतला, पाण्यात गेरू आणि काजळ कालवलं आणि किनाऱ्यावरून पाहिलेला तो दिवस रंगवला. दर्या लाल, आभाळ काळं आणि वाकडंतिकडं, होड्या पिळवटलेल्या, अन् त्या होड्यांहून मोठी, हाका मारणारी तोंडं.

पुढच्या आषाढात पुन्हा हुकूम सुटणार, हे ती ओळखून होती. गावातली उरलेली माणसं तरी वाचायला हवी होती. चित्र घेऊन ती राजधानीच्या बाजारात बसली.

"द्यायचं हाय. पैसा नको. घेनाऱ्यानं दिवाणखान्यात लावायचं, चार लोकांना दिसंल असं."

बाजारातले शहाणे हसले. "अगं, दर्या कधी लाल असतो का?"

"तुमच्या खिडकीतून निला दिसतो," हौसा कडाडली. "होडीतून बघा एकदा!"

चित्रापुढे गर्दी जमू लागली, लोक कुजबुजू लागले. सरदारानं ते ऐकलं आणि घाईघाईनं चित्र मागून घेतलं. अट पाळायचा शब्दही दिला.

काही दिवसांनी हौसा बघायला गेली. चित्र दिवाणखान्यातच होतं. पण सरदारानं ओल्या फडक्यानं सगळे रंग पुसून घेतले होते. त्याच कागदावर आता निळाशार दर्या होता आणि होड्यांत हसरे कोळी.

"लावलं ना शब्द दिल्याप्रमाणे?" सरदार म्हणाला.

हौसाच्या अंगाची आग आग झाली. मेलेल्यांच्या तोंडावर हसू रंगवायला याचा हात धजला तरी कसा!

आषाढ आला. पुन्हा पाहुणे आले. चित्र पाहून म्हणाले, "काय शांत दर्या! चला, होडीतून फिरून येऊ."

सरदार ते टाळायला बघत होता. पण कोळी उगाच भितात, आळशी आहेत, असं वर्षभर तोच सांगत आला होता. आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? पाहुण्यांना घेऊन तो निघाला.

पहिल्याच मोठ्या लाटेनं होडी उलथली. तेव्हा त्याच आळशी कोळ्यांनी कमरेला दोर बांधून पाण्यात उड्या घातल्या आणि सगळ्यांना ओढून काढलं.

सरदार वाळूवर थरथरत पडला होता. समोर दर्या गर्जत होता. हौसा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात कोरडं फडकं होतं. पण ते तिनं त्याला अंग पुसायला दिलं नाही.

"घ्या," दर्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आता पुसा."

सरदारानं मान खाली घातली. त्यानंतर नारळ वाहिल्यावाचून होडी सोडायचा हुकूम कधी सुटला नाही. हौसाचा नवरा मात्र परतला नाही.

तात्पर्य: सत्याचं चित्र पुसता येतं, सत्य पुसता येत नाही.