एकशे बारावा फॉर्म

"अक्षर ओळखता येईल ना, सर?"

"आधी बस तरी. आल्या आल्या अक्षर कसलं?"

डॉक्टर सौमित्र घारपुरे बसला नाही. हातातला कागद सरांपुढे धरून खाटेपाशी उभाच राहिला.

खाटेवर टिपणीससर होते. याच मेडिकल कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं मेडिसिन शिकवलं. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी यायचे आणि मुलांनी लिहिलेल्या केस हौसेनं तपासून द्यायचे. आता पित्ताशयाच्या दुखण्यानं चार दिवस जनरल वॉर्डात पडून होते. स्पेशल खोली देऊ केली, तर म्हणाले, तिथं बोलायला कोण आहे?

सौमित्र हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. आता तोही इथंच शिकवत होता. आपण छान शिकवतो, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

"यंदापासून मुलांकडून फीडबॅक घेतात, सर. शिक्षक कसा शिकवतो त्याचा फॉर्म भरायचा, नाव लिहायचं नाही. माझे एकशे बारा आले. एकशे अकरा जणांनी डोक्यावर घेतलंय मला."

"आणि एकानं?"

"एकानं खाली दोन ओळी खरडल्यात. सगळ्या मुलांची अक्षरं तुम्हाला पाठ आहेत. फक्त नाव सांगा. पंधरा दिवसांनी व्हायव्हा आहे आणि परीक्षक मीच आहे. बघतो त्याला."

"म्हणजे नापास करणार?"

"ते त्याचं तो बघेल."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. चिडला की याचे कान लाल व्हायचे, ते पहिल्या वर्षापासून तसंच होतं. सरांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"सांगतो. पण आधी माझं पोट बघ. सकाळपासून पुन्हा ठणकतंय."

सौमित्रचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यानं कागद उशाशी ठेवला आणि तळहात एकमेकांवर चोळून गरम केले. सरांची चादर पायाशी सारली, शर्ट छातीपर्यंत वर केला, पायजम्याची नाडी सैल केली.

"बोलत बोलत तपास," सर म्हणाले. "मुलांपुढे तपासतोस तसं."

"इथं मुलं कुठायत?"

"मी आहे ना. तुला शिकवताना कधी ऐकलंच नाही मी."

सौमित्र बोलू लागला.

"सुरुवात दुखत नाही तिथून करायची. डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर. हात हळूहळू सरकवायचा... आता मोठा श्वास घ्या."

उजव्या बरगडीखाली बोटं टेकली आणि सरांचा श्वास अर्ध्यावर अडला.

"हे पित्ताशय. अजून सूज आहे, म्हणून श्वास अडला. पण बाकीचं पोट मऊ आहे. घाबरायचं कारण नाही."

शेजारच्या खाटेवरचे आजोबासुद्धा कान देऊन ऐकत होते. सरांचे डोळे भरून आले. आपण आयुष्यभर जे शिकवलं, ते या पोराच्या बोटांत उतरलंय, हे त्यांना आज प्रत्यक्ष कळलं.

"वा," ते म्हणाले. "सुरेख शिकवतोस रे."

सौमित्र खुलला. बेसिनवर हात धुऊन आला, स्टूल ओढून बसला आणि उशाजवळचा कागद पुन्हा पुढे केला.

"आता हे दिवटं काय म्हणतंय ते वाचा."

सरांनी चष्मा मागितला. सौमित्रनं तो लगबगीनं डबीतून काढला, आपल्या रुमालानं पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

सर तसेच पडले होते. शर्ट छातीवर, नाडी सुटलेली, चादर पायाशी. थंडीचे दिवस होते आणि समोरची खिडकी उघडी होती. फरशी पुसणारी बाई खाटेपाशी आली आणि मान वळवून पुढे निघून गेली.

सरांनी चादरीला हात लावला नाही. ते सावकाश वाचू लागले.

"सर फार छान शिकवतात. शिकवून झालं की पेशंटला झाकायचं मात्र विसरतात."

...

"साफ खोटं!" सौमित्र उसळला. "नऊ वर्षं शिकवतोय मी. आजवर एकाही पेशंटनं तक्रार केलेली नाही."

"पेशंट नाही करत तक्रार."

"मग ह्यालाच बरं दिसलं?"

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि त्या दोन ओळींवरून ते पुन्हा एकदा नजर फिरवत राहिले. कौतुक त्यांच्या चेहऱ्यावर लपत नव्हतं.

"ओळखलं?"

"ओळखलं."

"कुणाचं आहे?"

"माझं."

"चेष्टा नको, सर."

"माझंच आहे. थंडी वाजत होती, म्हणून जरा वाकडं आलंय."

सौमित्र हसायला गेला... आणि त्याची नजर कागदावरून खाली उतरली. सरांच्या सुरकुतलेल्या पोटावर काटा आला होता.

तो उठला. नाडी बांधली, शर्ट खाली ओढला. चादर सरांच्या गळ्यापर्यंत आणून दोन्ही बाजूंनी नीट खोचली. खोचून झाली तरी त्याला हात काढवेना. एवढी लाज त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"सर, मी..."

सरांनी तो कागद घडी करून आपल्या उशीखाली सारला. मग सौमित्रचा हात हातात घेतला आणि थोपटला.

"हं," ते म्हणाले. "घे आता माझी व्हायव्हा."