दादाची किडनी

"मग पेशी ओरडत का नाही?" भन्ते खेमानंदांनी विचारलं.

यशोधन मेश्राम विहाराच्या ओसरीवर बसला होता, पण त्याचं चित्त तिथे नव्हतं. फोन मुठीत घट्ट धरलेला. रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात त्याची धाकटी बहीण उत्पला तापाने फणफणत होती.

"ओरडायला जाते, भन्तेजी. विषाणू आत शिरला की पेशी आपल्या अंगावर खूण चढवते, मी बिघडले म्हणून. रक्तातले पहारेकरी ती खूण बघून तिला मारतात. तिच्यासोबत विषाणूही मरतो."

"मग?"

"हा विषाणू कांजिण्या, नागीण यांच्याच कुळातला. आत गेल्यावर आरएनएचे अगदी बारीक तुकडे सोडतो. मायक्रोआरएनए. खूण तयार करा, असा पेशीचा निरोप निघालेला असतो. तुकडा त्या निरोपाला जाऊन चिकटतो. निरोप पोचतच नाही."

"म्हणजे खोटं सांगतो."

"नाही. काहीच सांगत नाही. फक्त गप्प करतो."

हे बोलताना यशोधनचा आवाज खणखणीत झाला होता. या तुकड्यांच्या संशोधनात त्याने अर्धं आयुष्य घातलं होतं. परदेशात त्याची भाषणं लोक उभं राहून ऐकत. क्षणभर त्याला ताप, हॉस्पिटल, काहीच आठवलं नाही. मग आठवलं.

"आणि स्वतः काय करतो?"

"स्वतःचीही जनुकं गप्प करतो... आणि झोपतो. माणसात जन्मभर झोपून राहतो. माझ्यात आहे. उत्पलात नव्हता."

त्याने हॉस्पिटलच्या दिशेने पाहिलं.

"माझ्या किडनीसोबत तिच्यात गेला."

गेल्या वर्षी त्याने बहिणीला किडनी दिली होती. धोका सगळ्यांना माहीत होता, उत्पलालाही. पण परकी किडनी टिकायची तर उत्पलाच्या पहारेकऱ्यांना औषधांनी गुंगवून ठेवणं भाग होतं. ते गुंगले आणि झोपलेला जागा झाला. इंजेक्शनं चालू होती, ताप हटत नव्हता. आता डॉक्टर म्हणत होते, पहारेकऱ्यांना गुंगवणारी औषधं कमी करू. पहारेकरी उठतील, विषाणूला आवरतील.

किडनीवरही तुटून पडतील कदाचित.

डॉक्टरांनी उत्पलाला विचारलं. ती म्हणाली, "दादाला विचारा. किडनी त्याची आहे."

संध्याकाळच्या आत उत्तर हवं होतं.

"मला हो म्हणवत नाही. नाही म्हणवत नाही," यशोधन म्हणाला. "किडनी गेली तर माझं देणं वाया. उत्पला गेली तर माझ्यातल्या विषाणूने... दोन्हीकडून मीच, भन्तेजी."

पत्र्यावर ऊन तडतडत होतं. यशोधनने फोन पाहिला, ठेवला, पुन्हा पाहिला.

"पाणी दे रे," भन्ते म्हणाले.

त्याने माठातून पेला भरून आणला. भन्तेंनी हात पुढे केला. म्हातारपणाने तो हात सारखा थरथरायचा. पेला त्यांच्या हातात गेला, पण यशोधनने बोटं काढली नाहीत. सांडेल म्हणून त्याने तो खालून धरून ठेवला.

पेला दोघांच्या हातात. भन्ते पीत नव्हते. यशोधन सोडत नव्हता.

"सोड," भन्ते म्हणाले.

"सांडेल, भन्तेजी."

"सांडलं तर माझ्या हातून सांडेल."

...

यशोधनने बोटं काढली. पेला हलला, थोडं पाणी चीवरावर सांडलं. उरलेलं भन्ते सावकाश प्यायले.

त्याने उठून बहिणीला फोन लावला.

"उत्पला, मला विचारू नकोस. ती किडनी तुझी आहे."



"मग कमी करू दे औषधं," ती म्हणाली. "मला भीती वाटते, दादा."

"मलाही," तो म्हणाला.

ताप उतरायला बरेच दिवस गेले. मधे किडनी बिघडायची चिन्हं दिसली. मग ती सावरली. पहिल्यासारखी नाही, पण चालती राहिली. उत्पला घरी आली.

ती आल्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, तो पुन्हा विहारात आला. वंदन करून बसला. डोळे खोल गेलेले.

"बरी आहे ती," तो म्हणाला. "पण तो गेलेला नाही, भन्तेजी. निजलाय फक्त. तिच्यातही, माझ्यातही. त्याचे तुकडे आताही एकेक निरोप दाबत असतील. कुठला तुकडा कुठल्या निरोपावर बसतो, ते मी सांगू शकतो. तो कधी उठेल, ते नाही सांगू शकत."

त्याने खिशातून फोन काढून पाहिला, पुन्हा ठेवला.

"रात्री उठून मी तिच्या खोलीत जातो. कपाळाला हात लावतो. ती रागावते... उद्या तो उठला तर?"



"आज उत्पला काय जेवली?" भन्तेंनी विचारलं.